चांद्यापुढचे कोस

'चांद्यापासून बांद्यापर्यंत' असे म्हटले की सारा महाराष्ट्र सांगून झाला, असे आपण मराठी माणसे समजतो. भाषणात, अग्रलेखात, संमेलनाच्या ठरावात हा शब्दसमूह इतक्या सहजपणे येतो की त्यातली दोन टोके ही प्रत्यक्ष गावे आहेत, हे आपल्या ध्यानातही राहत नाही. चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर. बांदा म्हणजे सावंतवाडी तालुक्यातले, गोव्याच्या वेशीवरचे गाव. नकाशावर पट्टी ठेवली तर दोहोंमध्ये सुमारे ७३५ किलोमीटर भरतात. प्रवासी जेट विमानाचा नेहमीचा वेग धरला तर तासाभराचाही हा प्रवास नव्हे. पण तसे विमान नाही. बांद्याच्या बाजूला २०२१ मध्ये चिपीचा आणि २०२२ मध्ये मोप्याचा असे दोन विमानतळ झाले. चांद्याच्या बाजूला मोरव्याची छोटी धावपट्टी आहे, तिच्यावरून नियमित प्रवासी वाहतूक होत नाही. विमान गाठायचे तर नागपूर गाठावे लागते.

आमचा प्रश्न मात्र विमानाचा नाही, वाक्प्रचाराचा आहे. 'बांदा'ला यमक 'चांदा'चे जुळते, सिरोंच्याचे जुळत नाही. यमकाच्या सोयीने महाराष्ट्राची पूर्व सीमा चांद्याला येऊन थांबली, आणि चांद्याच्या पूर्वेस आणखी सुमारे दीडशे किलोमीटर पसरलेला मराठी मुलूख भाषेच्या हिशेबातून गळाला. आज तो गडचिरोली जिल्हा म्हणून ओळखला जातो. चंद्रपूर ते गडचिरोली हे हवाई अंतर सुमारे ७७ किलोमीटर. कागदोपत्री उड्डाणाचा वेळ काढायचाच म्हटले तर सहा मिनिटेही होत नाहीत. मूल, सावलीवरून जाणारी बस वैनगंगा ओलांडून जाते, तिला दोन तास तरी लागतात. आणि गडचिरोलीहून पुढे, भामरागडला किंवा सिरोंच्याला जायचे, तर तासांचा हिशेब रस्त्याला, पुलाला आणि पावसाला विचारून करावा लागतो. सरळ रेषा आणि वाट यांच्यामधल्या या तफावतीला एक इतिहास आहे, आणि तो केवळ वाहतुकीचा इतिहास नाही.

आपल्या जुन्या भाषेत अंतर हे पायाचे, आवाजाचे आणि उजेडाचे होते. हाकेच्या अंतरावर, नजरेच्या टप्प्यात, दिवस बुडायच्या आत, मजल दरमजल. कोस हे म्हणायला माप होते, साधारण दोन मैलांचे. पण ते जागोजागी लहानमोठे होई, आणि डोंगरातला कोस मैदानातल्या कोसाहून लांब असतो हे सर्वांना ठाऊक असे. वरसईचे गोडसे भटजी १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत फिरले. त्यांचे 'माझा प्रवास' १९०७ मध्ये छापून निघाले. ते वाचताना आजच्या विद्यार्थ्याला पहिली अडचण येते ती अंतराची. त्याला किलोमीटर हवे असतात, भटजींना मुक्काम ठाऊक असतात. मुक्कामाच्या हिशेबात पाणी कुठे आहे, चोराची भीती कुठे आहे, धर्मशाळा कुठे आहे हे सारे आपोआप सामावलेले असते. किलोमीटरमध्ये यांतले काहीच नसते.

सरळ रेषेचा माणूस या मुलखाच्या अगदी उंबरठ्यावर येऊन मरण पावला, हा योगायोग आम्हांला फार बोलका वाटतो. विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०२ मध्ये मद्रासजवळ एक पायारेषा साखळीने मोजली आणि तिच्यावर त्रिकोण रचीत रचीत तो हिंदुस्थानच्या मधून उत्तरेकडे सरकत गेला. अर्ध्या टन वजनाचे कोनमापक यंत्र माणसांच्या खांद्यावरून टेकड्यांवर चढवायचे, दूरच्या टेकडीवरच्या खुणेकडे रोखायचे, कोन टिपायचा. मग दोन शिखरांमधले अंतर त्यावरून चालत न जाताच गणिताने हाती येते. मधल्या नद्या, अरण्ये, गावे यांची त्या अंतराला काही गरज उरत नाही. हैदराबादेहून नागपूरकडे मुक्काम हलवताना २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्बटन हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथे आहे. हिंगणघाटहून चांदा सरळ रेषेत ऐंशी-ब्याऐंशी किलोमीटर. त्याचा साहाय्यक जॉर्ज एव्हरेस्ट याला त्याआधी कृष्णा-गोदावरीमधल्या रानात तापाने असे गाठले की प्रकृती सुधारण्यासाठी त्याला थेट आफ्रिकेच्या केपला जावे लागले. मोजणाऱ्याला अरण्याची दखल घ्यायची नव्हती. अरण्याने मोजणाऱ्याची घेतली.

पस्तीस वर्षांनी दुसरी सरळ रेषा आली, ती तारेची. नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले होते आणि चांदा इंग्रजी अमलाखाली गेला होता. १८५८ च्या उन्हाळ्यात मोलमपल्लीचे गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके आणि अडपल्ली-घोटचे व्यंकटराव यांनी बंड पुकारले. २९ एप्रिल १८५८ च्या रात्री प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे पडलेल्या तारखात्याच्या छावणीवर त्यांच्या माणसांनी हल्ला केला. गार्टलँड आणि हॉल हे दोघे मारले गेले, पीटर नावाचा तिसरा निसटला आणि त्याने जाऊन डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टनला वर्दी दिली. ज्यांच्या तारेमुळे बातमी क्षणात पोहोचायची, त्यांच्यावरच्या हल्ल्याची बातमी शेवटी जीव घेऊन पळणाऱ्या माणसाला पोहोचवावी लागली. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्या साहाय्याने बाबुराव पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले.

बंडवाल्यांनी तारवाल्यांना हेरून मारले की छावणी वाटेत सापडली म्हणून मारले, याचा निवाडा आम्ही करीत नाही. एवढे मात्र खरे की त्या काळच्या इंग्रजाला तार म्हणजे काय ते जेवढे कळत होते, तेवढेच तारेच्या वाटेवरच्या माणसालाही आपल्या परीने कळत असणार. दूर असणे हे त्या जमीनदारांचे संरक्षण होते. चांदा दूर, नागपूर त्याहून दूर, आणि मध्ये रान; म्हणूनच त्यांची सत्ता टिकून होती. अंतर कमी करणे ही चांगलीच गोष्ट, असे आपण गृहीत धरतो. कोणाचे अंतर कोणासाठी कमी होते, हा प्रश्न चिंचगुंडीला पहिल्यांदा उभा राहिला. (भारतीय डाक विभागाने २००९ मध्ये बाबुराव शेडमाक्यांचे तिकीट काढले, त्यानंतर चार वर्षांनी, जुलै २०१३ मध्ये, देशातली तारसेवाच बंद झाली. इतिहासाला विनोदबुद्धी असते असे म्हणतात ते अगदी खोटे नसावे.)

यानंतरचा अध्याय आम्हांला सर्वांत आवडतो, कारण तो फसलेल्या योजनेचा आहे आणि फसलेल्या योजना माणसांच्या मनातले नकाशे फार स्पष्टपणे दाखवतात. वर्धा आणि वैनगंगा यांचा संगम चपराळ्याजवळ होतो. तिथून पुढे नदीला प्राणहिता म्हणतात. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते, थोडे खाली इंद्रावती येऊन मिळते, आणि गोदावरी राजमहेंद्रीवरून समुद्राला जाते. म्हणजे वर्ध्याच्या काळ्या मातीतून निघालेला पाण्याचा थेंब बंगालच्या उपसागराला जातो. कापसाची गाठ का जाऊ नये? गोदावरीच्या मुखाशी धवळेश्वरमचे धरण बांधणाऱ्या आर्थर कॉटनच्या डोक्यात हा प्रश्न होता. त्याच्या हाताखालच्या हेग या अभियंत्याने १८५६ मध्ये गोदावरीच्या नौवहनक्षमतेवर अहवाल दिला. नदी बहुतेक ठिकाणी चालण्याजोगी होती. अडचण होती तीन ठिकाणच्या खडकाळ पात्राची. त्यांना 'बॅरियर' म्हणत. पहिला दुम्मागुडेमला, दुसरा इंचमपल्लीला, तिसरा प्राणहितेवर देवलमरीला. तिथे बांध घालायचे, बाजूने कालवा काढायचा, त्याला दरवाजे बसवायचे, की नाव वरपासून खालपर्यंत निर्वेध.

१८६० मध्ये निजामाकडून सिरोंच्याचा भाग इंग्रजांकडे आला आणि सिरोंचा हे ठाणे करून 'अपर गोदावरी' नावाचा जिल्हा स्थापन झाला. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी सुरू झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. हिंगणघाटचा 'बनी' कापूस एकाएकी मोलाचा ठरला. १८६२ ते १८६७ या काळात मुख्य आयुक्त असलेल्या रिचर्ड टेंपलने नदीच्या योजनेचा हिरिरीने पुरस्कार केला. ज्याला आज आपण महाराष्ट्राचे शेवटचे टोक म्हणतो, ते सिरोंचा त्या पाच-सात वर्षांत एका प्रांताचे महाद्वार होणार होते. नागपूरचे बंदर मुंबई नव्हे, काकीनाडा असे त्या नकाशावर होते. या भागाचे तोंड पश्चिमेला नसून आग्नेयेला आहे, हे सत्य त्या नकाशाने ओळखले होते. नंतर कोणत्याच नकाशाने ते तितक्या मोकळेपणी ओळखले नाही.

मग १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोहोचली. मुंबईपर्यंतचे ५२० मैल रूळांवरून, बारमाही, ठरलेल्या वेळेत. नदीला मात्र उन्हाळ्यात पाणी नसे आणि पावसाळ्यात फार असे. शिवाय मजूर तापाने आणि पटकीने आजारी पडत. अमेरिकेतले युद्ध संपून कापसाचे भावही उतरले होते. १८७१ मध्ये नदीचे काम सोडून देण्यात आले. दुम्मागुडेमचे बांधकाम बरेचसे झाले होते. वरचे दोन अडथळे निसर्गाने ठेवले तसेच राहिले. १८७४ मध्ये अपर गोदावरी जिल्हा मोडून सिरोंचा चांद्याला जोडले गेले. महाद्वार होता होता सिरोंचा परसदार झाले, आणि त्याने जागा बदललेली नव्हती. ते जिथे होते तिथेच होते. दूर गेले ते त्याच्याभोवतीचे जग.

रेल्वेने पुढे काय केले हे थोडक्यात सांगण्याजोगे आहे. वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याला १८७७ मध्ये रूळ आले ते तिथल्या कोळशासाठी. तो फाटा बल्लारपूरपर्यंत वाढला, आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस काझीपेठकडून आलेल्या मार्गाला जोडला जाऊन दिल्ली-मद्रास हमरस्त्याचा भाग झाला. गोंदियाहून नागभीडमार्गे चांद्याला अरुंद रुळांची गाडी १९१३ पर्यंत आली. तिच्या स्थानकाचे नाव अजून 'चांदा फोर्ट'च आहे. या दोन्ही मार्गांनी आजच्या गडचिरोली जिल्ह्याला स्पर्श केला तो एकाच ठिकाणी, वडशाला. आजही गडचिरोली जिल्ह्यात प्रवाशाला रेल्वे मिळते ती वडसा-देसाईगंजला, जिल्ह्याच्या उत्तर टोकाला. वडसा ते गडचिरोली या पन्नासएक किलोमीटरच्या मार्गाचे काम चालू आहे.

वडशाचा उल्लेख आला आहे तर एक विषयांतर करू द्यावे. झाडीपट्टीच्या रंगभूमीचे हे मोठे केंद्र. दिवाळीनंतर होळीपर्यंत इथल्या कंपन्या गावोगाव नाटके करतात. त्या रंगभूमीवरच्या अभिनयासाठी परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. ही नाटके रात्री उशिरा सुरू होऊन उजाडेपर्यंत चालतात. पुण्या-मुंबईच्या समीक्षकाला यात प्रेक्षकांची हौस किंवा नाटककाराची पसरट लेखणी दिसते. आम्हांला वाटते की यात अंतरही आहे. पाच-दहा कोसांवरून बैलगाडीने आलेला प्रेक्षक मध्यरात्री परत कसा जाणार? रान अंधारात ओलांडायचे नसते. तेव्हा नाटकाने उजाडेपर्यंत चालले पाहिजे. आपल्याकडे नाट्यगृहाचा पडदा शेवटच्या लोकलच्या वेळेकडे बघून पडतो. तिथे तो सूर्याकडे बघून पडतो. नाटकाचा आकार ठरवणाऱ्या गोष्टींत अॅरिस्टॉटलनंतर वाहतुकीचाही विचार व्हायला हरकत नाही.

३० जानेवारी १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमाने निघत, मध्यरात्रीनंतर नागपूरला भेटत, टपालाच्या थैल्या अदलाबदल करून पहाटे आपापल्या गावी परतत. देशाचा मध्यबिंदू असण्याचा एवढा सुंदर उपयोग दुसरा झाला नसेल. ही सेवा सुरू होऊन चोवीस वर्षे झाल्यावर, २३ डिसेंबर १९७३ रोजी, भामरागडपासून तीन किलोमीटरवर हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. नागपूरपासून भामरागड सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरच्या आत आहे. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे तिथे राहायला गेले तेव्हा पावसाळ्यात टिकेल असा रस्ता नव्हता, वीज नव्हती. म्हणजे नागपूरच्या आकाशात रात्री चार महानगरे एकमेकांना भेटत होती, आणि त्याच शहराच्या दक्षिणेला आजारी माणसाला खाटेवर घालून दिवसचे दिवस चालावे लागत होते.

राजकीय नकाशाही या काळात हलत होता. बांदा हे सावंतवाडी संस्थानातले. ते १९४८ मध्ये मुंबई प्रांतात आले. चांदा मध्य प्रांतात, मग मध्य प्रदेशात. १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात. बल्लारपूरपलीकडे, वर्धा नदी ओलांडली की लागणारे राजुरा तर निजामाच्या राज्यात होते. ते १९५६ मध्ये नांदेड जिल्ह्याला आणि १९५९ मध्ये चांद्याला जोडले गेले. तेव्हा 'चांद्यापासून बांद्यापर्यंत' याला एका राज्याचा अर्थ आला तो १९५६ नंतरच. त्याआधी या दोन गावांच्या मध्ये निरनिराळी सरकारे उभी होती. राज्य झाले, १ मे १९६० ला त्याचे नाव महाराष्ट्र झाले, आणि ज्या चांद्याला आपण टोक मानत होतो तो जिल्हा इतका पसरलेला होता की त्याच्या आतच दुसरे टोक होते. सिरोंच्याच्या माणसाला जिल्ह्याच्या कचेरीत यायला, सरळ रेषेतही, १४० किलोमीटर पडत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चांद्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. पण नव्या जिल्ह्याचे ठिकाण त्याच्या उत्तर भागात पडले. गडचिरोलीहून सिरोंचा सरळ रेषेत १४८ किलोमीटर, रस्त्याने दोनशेच्या वर. सिरोंच्याच्या दृष्टीने अंतर कमी झालेच नाही. कचेरीचे नाव बदलले.

इथे आम्ही हौसेने काढलेला एक हिशेब देतो. सिरोंचा ते मुंबई, सरळ रेषेत, सुमारे ७४५ किलोमीटर. सिरोंचा ते नागपूर सुमारे २७०. सिरोंचा ते हैदराबाद सुमारे २२५. म्हणजे राज्याच्या उपराजधानीपेक्षा शेजारच्या राज्याची राजधानी जवळ. म्हणूनच तिथल्या बाजारात तेलुगू ऐकू येते, माणसे दवाखान्यासाठी मंचेरियाल-वरंगलचा रस्ता धरतात, आणि प्राणहितेचे पुष्कर, जे बारा वर्षांनी येते (मागचे २०१० आणि २०२२ मध्ये झाले), तेव्हा दोन्ही काठांवर एकच गर्दी असते. बारा कोसांवर भाषा बदलते असे आपण म्हणतो. चांद्याहून आग्नेयेला निघालेल्या माणसाला झाडीबोली, गोंडी, माडिया, तेलुगू, आणि मुलचेरा-चामोर्शीकडे वळला तर पूर्व पाकिस्तानातून येऊन वसलेल्या निर्वासितांची बंगाली, एवढ्या भाषा एकाच जिल्ह्यात भेटतात. साहित्याच्या अभ्यासक्रमात यांतली एखादीच, तीही ऐच्छिक प्रश्नात.

अडथळ्यांची पुढची गोष्टही सांगितली पाहिजे. इंचमपल्ली, जिथे इंग्रजांना नाव पार करायची होती, तिथेच विसाव्या शतकात मोठे धरण योजले गेले, आणि इंद्रावतीवर भोपालपटनमला दुसरे. १९८० च्या दशकात बाबा आमटे आणि या भागातल्या आदिवासींनी 'जंगल बचाव, मानव बचाव' असे म्हणत त्यांना विरोध केला; ती धरणे झाली नाहीत. पुढे सिरोंच्यासमोर गोदावरीवर तेलंगणाचा मेडिगड्डा बंधारा २०१९ मध्ये झाला, त्याच्या पाण्याने सिरोंचा तालुक्यातल्या शेतांचे नुकसान होऊ लागले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे खांब खचले. सिरोंच्याहून समोरच्या कालेश्वरमला जायला आता गोदावरीवर पूल आहे. पूर्वी नावेने जावे लागे. तेलंगणाकडचे अंतर असे पुलाने मिटले आहे. गडचिरोलीकडचा रस्ता मात्र अजून पावसाळ्यात माणसाची परीक्षा घेतो. भामरागडला तर पर्लकोटेला पूर आला की तालुका बेटासारखा होतो. जूनमध्ये एक अंतर, ऑगस्टमध्ये दुसरे, जानेवारीत तिसरे. सरळ रेषेला ऋतू नसतो, वाटेला असतो.

अंतराने माणसे मरतात, हे या दोन जिल्ह्यांत अलंकारिक विधान नाही. आपल्या इतिहासलेखनात लढाया आणि तह येतात. जन्मून आठ दिवसांत गेलेली बालके येत नाहीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ गावांत केलेला प्रयोग १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. आधी तिथे हजार जन्मांमागे ६२ नवजात बालके दगावत होती. तिसऱ्या वर्षी तो आकडा २५.५ वर आला. यासाठी रस्ता बांधला नव्हता, रुग्णवाहिका आणली नव्हती. गावातलीच एक बाई शिकवून तयार केली, जी बाळाचा श्वास मोजू शकते, त्याला ऊब देऊ शकते, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देऊ शकते. बाळ आणि दवाखाना यांमधले अंतर कमी करायचे दोन मार्ग होते. सगळे जग एकाच मार्गाचा विचार करीत होते. आम्ही या प्रयोगाकडे वैद्यकाइतकेच भूगोलाचे संशोधन म्हणून पाहतो. धानोऱ्याकडच्या मेंढा (लेखा) या गावाने 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' अशी घोषणा दिली आणि २००९ मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, त्यामागेही याच जातीचा विचार आहे. राजधानी जवळ येत नसेल तर सरकार गावात आणावे. मिलिंद बोकील यांनी या गावावर पुस्तक लिहिले आहे. त्याआधी विलास मनोहरांनी 'नेगल' आणि 'एका नक्षलवाद्याचा जन्म' लिहिले. पण हे लेखक तिकडे जाऊन राहिलेले किंवा पुन्हा पुन्हा गेलेले. तिकडून इकडे आलेला आवाज अजून फार थोडा आहे. अंतर दोन्ही बाजूंनी सारखे असते असे भूमिती सांगते. साहित्याचा अनुभव तसा नाही.

हेलिकॉप्टर मात्र या भागाला परिचयाचे आहे. निवडणुकीत दुर्गम केंद्रांवर मतदान पथके हेलिकॉप्टरने नेली जातात. चकमकीतले जखमी पोलीस त्यानेच नागपूरला येतात. ऑक्टोबर २००९ मध्ये लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले, मे २०१९ मध्ये जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाने १५. ज्यांनी रस्त्यात सुरुंग पेरले त्यांनाही, आपल्या परीने, अंतर राखायचे होते; पण बाबुरावांचे अंतर आणि त्यांचे अंतर एक नव्हे, कारण या वेळी त्या अंतरात अडकून मेले त्यांत त्याच गावांतले कितीतरी आदिवासी होते, खबऱ्या ठरवून मारलेले आणि नक्षलवादी ठरवून मारलेलेही. आता सुरजागडच्या लोहखनिजासाठी रस्ते रुंद होत आहेत. वरोऱ्याला कोळशासाठी रूळ आले, बल्लारपूरहून आलापल्लीच्या सागवानाला वाट मिळाली, तसे हे. आलापल्लीच्या सागाने तर माणसाहून लांबचा प्रवास केला आहे: २०२३ मध्ये बल्लारपूरहून सागवान अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेले. वस्तूंना वाट आधी मिळते, माणसांना मागून, हा नियम दीडशे वर्षांत फारसा मोडलेला नाही.

१ जानेवारी २०२५ रोजी एटापल्ली तालुक्यातल्या गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी या ३२ किलोमीटरच्या रस्त्यावरून राज्य परिवहन मंडळाची बस सुरू झाली. स्वातंत्र्याला ७७ वर्षे झाल्यावर आलेली तिथली ती पहिली बस. मंडळाच्या हिशेबात सहा किलोमीटरचा एक टप्पा धरतात आणि भाडे टप्प्यावर आकारतात. वांगेतुरीहून गट्ट्यापर्यंत पाच टप्पे पुरे होतात आणि सहावा सुरू होतो.